जुन्या ट्रकचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलण्यापूर्वी

पावसाळ्यात कसारा घाट चढून नाशिकला आलेल्या जुन्या ट्रकचे इंडिकेटर, वायपर आणि केबिनमधील दिवे एकाच वेळी बेभरवशाचे झाले, की दोष सरसकट बॉडी कंट्रोल मॉड्यूलवर, म्हणजे दिवे-वायपर यांसारखी उपकरणे चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागावर, ढकलला जातो. परंतु हा महागडा भाग काढण्याआधी बॅटरीचे व्होल्टेज, फ्यूज आणि विशेषतः चासीला जोडलेली अर्थिंगची वायर तपासावी, कारण गंजलेल्या अर्थिंगमुळेही अशीच लक्षणे दिसतात. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर आढळल्यास तो कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पुन्हा चाचणी घ्यावी.

मॉड्यूलच निकामी असल्याची खात्री झाल्यावर नाशिकमध्ये द्वारकेजवळ किंवा अंबडला कुणी जुना भाग स्वस्तात देऊ केला, तरी लेबलवरील पार्ट नंबर तंतोतंत जुळतो का, हे आधी पाहावे. बाहेरून सारखे दिसणारे दोन भाग आतून वेगळे असू शकतात. अनेक गाड्यांत मॉड्यूलमध्ये चासी नंबर आणि इमोबिलायझरची (योग्य चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) माहिती साठवलेली असते, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा भाग नुसता जोडून ट्रक सुरू होईलच असे नाही. जुने मॉड्यूल दोष तपासणाऱ्या स्कॅनरला प्रतिसाद देत असेल, तर त्यातील कॉन्फिगरेशन, म्हणजे त्या गाडीच्या सेटिंग्ज, काढून ठेवावे. बहुतेक जण नेमके हेच विसरतात.

भाग बदलताना इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि काही मिनिटे थांबावे. नंतर कोडिंग, म्हणजे नव्या मॉड्यूलमध्ये गाडीची माहिती भरणे, सुरू असताना बॅटरीला स्थिर पुरवठा देणारा चार्जर जोडलेला असावा, कारण मध्येच व्होल्टेज घसरल्यास नवे मॉड्यूलही निकामी होऊ शकते.