कॉफीले एक स्टार द्यायच्या आधी या चुका टाळा

आपल्याकडं परतवाडा-अचलपूरपर्यंत कॅफे आले, कोणी कोणी घरामागच्या शेडमध्ये छोटं मशीन टाकून बिया भाजून राहिले, चांगलं आहे. पण कॅफेपेक्षा त्यांना रेटिंग देणारे जास्त झाले राजेहो. कप टेबलावर येत नाही तोवर स्टार पडलेला असतो. त्याच त्याच चुका पाहून कंटाळा आला म्हणून एकदा लिहून टाकतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे तोंड. मागं एका मित्राला घेऊन अशाच एका छोट्या रोस्टरकडे, म्हणजे बिया भाजणाऱ्याकडे, गेलो होतो. आमच्या साहेबांनी आधी स्टँडवर तर्री-पोहे हाणले, वरून तर्री एक्स्ट्रा मागून घेतली, मग पन्नीत घोटलेला खर्रा तोंडात टाकला, दुकानाच्या दारात थुंकले आणि आत येऊन बसले. त्या पोरानं चिखलदऱ्याच्या बिया काट्यावर मोजून, समोरच दळून, पेपर फिल्टरमधून हळूहळू पाणी सोडत काळी कॉफी करून दिली. मित्रानं एक घोट घेतला आणि म्हणे, "काऊन बे, हे तर राखेवानी लागून राह्यली." पोराचा चेहरा पडला. आम्ही उठायच्या आत यानं मोबाइल काढून एक स्टार ठोकला आणि खाली लिहिलं, बिया जळलेल्या, पैसे पाण्यात.

आता खर्ऱ्यात असते काय, तर सुपारी, तंबाखू, चुना. सुपारीतल्या टॅनिननं तोंड आवळतं, चुन्यानं जीभ भाजते, त्यात तर्रीचं तिखट बसलेलं. अशा जिभेला अरेबिका जातीच्या कॉफीचा आंबट-गोडपणा काय कळणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच घरी, त्याच पाकिटातली कॉफी, चहाच्या आधी दिली तर विचारतो, "हे कोनती व्हय? कालचीवाली नाही ना?" कालचीच होती. रिव्ह्यू मात्र अजून तसाच आहे, म्हणे पासवर्ड भुललो. माझी सवय सांगतो, कॉफी चाखायला जायचं तर सकाळी जायचं, पोटात साधी पोळी-भाजी, जाताना खर्रा नाही, विडी नाही, बसल्यावर आधी ग्लासभर पाणी. कोणी ऐकत नाही ते सोडा.

गरम गरम पिऊन निकाल देणं, हेही बंद करा. वाफ निघत असताना फक्त कडू आणि चटका कळतो. थोडं थांबा, कोमट होताना चव उघडते, खराब कॉफी तिथंच पकडली जाते आणि चांगली कॉफी थंड झाल्यावरही प्यावीशी वाटते.

दुसरी मोठी गोष्ट पाण्याची, आणि ही आपल्या भागात सोडून चालतच नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी खारट. त्या पाण्यात कोणाचीही बी टाका, खारट आणि सपाटच लागणार. लोक शिव्या देतात रोस्टरला. मग कॅफेवाला घाबरून आरओ बसवतो, त्याचं पाणी वीस-तीस टीडीएसवर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) येतं आणि नवीन रड सुरू, की कॉफी आंबट आहे, जीवच नाही. होणारच ना, कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडं तरी पाहिजे, त्याशिवाय बियांतली चव पाण्यात नीट उतरत नाही. आणि बायकार्बोनेट जास्त असलं तर ते आंबटपणा मारून टाकतं, मग कॉफी खडूसारखी लागते. स्पेशालिटी कॉफीवाले साधारण दीडशे टीडीएसचं पाणी धरतात, पंच्याहत्तर ते अडीचशे चालवून घेतात. मीटर स्वस्तात मिळतो, मी खिशात ठेवतो आणि काउंटरवर प्यायचं पाणी मागून गुपचूप मोजतो. आकडा विचित्र आला तर रेटिंग नाही, मालकाला बाजूला घेऊन सांगायचं, भाऊ, बी बदलू नको, आरओत थोडं मटक्याचं गोडं पाणी मिसळून पाहा.

पाकिटावर पॅकिंगची तारीख पाहून ताजी म्हणू नका, रोस्टची तारीख विचारा. नाही सांगितली तर घेऊ नका, एवढं सोपं आहे. उलटे शहाणेही आहेत, आज भाजलेली आजच पाहिजे. भाजल्यावर बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, पहिले दोन-चार दिवस पाणी टाकलं की नुसता फेस, चव विस्कटलेली. मी आठवडाभर थांबतो, मग महिनाभरात संपवतो. आणि मे महिन्यात ते पाकीट गाडीच्या डिक्कीत ठेवून पंचेचाळीस डिग्रीत दर्यापूरपर्यंत फिरवलं असेल तर रोस्टरला फोन करू नका.

चिकोरीवाली (भाजलेल्या मुळीची पूड मिसळलेली) फिल्टर कॉफी आणि निव्वळ अरेबिका एकाच फुटपट्टीनं मोजू नका. कायद्यानं अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के लागते, टक्केवारी पाकिटावर छापलेली असते, वाचा. चिकोरीचा दाटपणा आवडत असेल तर खुशाल प्या, पण मग दुसऱ्या दुकानाची कॉफी पातळ आहे असं लिहू नका.

"लोकल म्हणतो आणि बिया कर्नाटकातल्या, फसवणूक!" हेही वाचलंय. अहो, देशातली जवळजवळ सत्तर टक्के कॉफी कर्नाटकातच होते, चिक्कमगळूर, कोडगू त्या बाजूला. आपल्याकडं चिखलदऱ्याला होते, समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटरवर, पण होते ती किती. लोकल म्हणजे भाजणारा लोकल. फसवणूक तेव्हा, जेव्हा पाकिटावर चिखलदरा लिहिलंय आणि विचारलं तर कोणाच्या बागेतली ते सांगता येत नाही.

बाजाराच्या दिवशी जाऊन सर्व्हिसला स्टार कापू नका. सोफा, भिंतीवरची लाइट आणि सेल्फीची जागा यांचे मार्क कॉफीत मिळवू नका. साखर टाकायच्या आधी एक घोट तरी घ्या. स्टँडवरच्या पावडर-दुधाच्या कॉफीला स्टँडची कॉफी म्हणूनच मोजा, तिनं कधी दुसरं काही असल्याचा दावा केला नाही.

दुकानात मस्त आणि घरी बेकार, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. नव्वद टक्के वेळा मिक्सर असतो. मिक्सरमध्ये अर्धं पीठ होतं, अर्धे तुकडे राहतात, पीठ कडू उतरतं आणि तुकडे आंबट. हातानं फिरवायची चक्की घ्या, घाम येईल, येऊ द्या. तेही नको असेल तर रोस्टरकडूनच दळून घ्या, कशात करणार ते सांगून, शंभर ग्रॅमच घ्या आणि आठ-दहा दिवसांत संपवा. पैसे देऊन घ्या बरं का, रेटिंगवाला आहे म्हणून सॅम्पल मागणारे पण पाहिलेत मी.