रिझ्युमेत काम लिहा, कामाचं नाव नको

अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आलेल्या बहुतेक रिझ्युमेंत एकच ओळ असते: ‘अकाउंट्सचं सर्व काम पाहिलं.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘टॅलीमध्ये रोज ५० ते ६० व्हाउचरच्या नोंदी, दर महिन्याला दोन बँक खात्यांचा ताळमेळ, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्रांसाठी आकडे तयार करून सीएंकडे देणं.’ आकडे अर्थातच तुमचे, खरे हवेत. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांवरच येतो. नुकतंच बी.कॉम. झालं असेल आणि काकांच्या दुकानाची बिलं तुम्ही सांभाळत असाल, तर तेही बिनधास्त लिहा. तो अनुभवच आहे, आणि मुलं तो उगाच लपवतात याचं मला फार वाईट वाटतं.

कामाची ही ओळ पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात यायला हवी. ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’चा छापील परिच्छेद खुशाल काढून टाका. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती यांची खाजगी नोकरीच्या अर्जात सहसा गरज नसते. आधार क्रमांक तर कधीच देऊ नका.

बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन रकाने किंवा तक्ते असले की मजकूर विस्कटू शकतो. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. तिथे ओळींचा क्रम बिघडला, तर मांडणी साधी, एकाच रकान्याची करा. मग फाइलला स्वतःचं नाव आणि पद द्या, ‘न्यू फायनल २’ नको.