केमोच्या पेशंटची दर आठवड्याची विचारपूस फोनवरून कशी करावी

केमो घेऊन पेशंट घरी जातो आणि पुढच्या तारखेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा तीन आठवडे, त्याचं काय चाललंय ते आपल्याला कळत नाही. तारखेला डॉक्टर विचारतात, "कसं होतं या वेळी?" तो म्हणतो, "बरं होतं." तोंड आल्यामुळे चार दिवस पेजसुद्धा गिळवत नव्हती, हे तो सलाईन लावताना सिस्टरला सांगतो, तेही तिने खोदून विचारलं तर.

या तीन आठवड्यांसाठी दर आठवड्याला मोबाईलवर पाठवायची, पेशंटने स्वतः भरायची प्रश्नावली आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात डॉ. ईथन बॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत 766 पेशंटवर पारखून पाहिली. सगळ्यांचा कॅन्सर पसरलेला होता आणि सगळे केमोवर होते. एका गटाने 12 नेहमीच्या तक्रारी स्वतः संगणकावर नोंदवल्या आणि तक्रार वाढली की नर्सला ईमेल जात असे. दुसऱ्या गटाची नेहमीसारखीच देखभाल झाली. 2017 साली आलेल्या निकालात पहिल्या गटातले निम्मे पेशंट 31.2 महिन्यांपेक्षा जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे 26 महिन्यांपेक्षा. त्याआधीच्या अहवालातली एक गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सांगते: ज्यांना संगणकाची सवय नव्हती त्यांना या पद्धतीचा फायदा जास्त झाला. त्यामुळे "आमच्या खेड्यातल्या पेशंटला हे जमणार नाही" हे वाक्य मी ऐकून घेत नाही.

प्रश्न निवडणं

तयार, तपासून घेतलेली प्रश्नावली घ्या. क्यूएलक्यू-सी 30 ही कॅन्सरच्या पेशंटच्या तब्येतीची आणि जगण्याची विचारपूस करणारी प्रश्नावली आहे. तिच्यात 30 प्रश्न आहेत, तिचं अधिकृत मराठी रूप आहे, आणि वापरण्याआधी युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेची परवानगी घ्यावी लागते. दर आठवड्याला 30 प्रश्न मात्र कोणी भरत नाही. ती दोन-तीन महिन्यांतून एकदा ठेवा आणि आठवड्याला दहा-अकरा प्रश्नच विचारा: दुखणं, थकवा, मळमळ-उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ, तोंड येणं, भूक, धाप, हातापायांना मुंग्या, झोप, मन.

इंग्रजी प्रश्न घेऊन रात्री बसून मराठी करू नका. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, दोन्ही जुळवायची, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यायचं आणि मग ते पेशंटसमोर वाचून बघायचं, ही रीत आहे आणि ती मोडण्यात शहाणपण नाही. पेशंटसमोर वाचलं की लगेच कळतं, 'नैराश्य' हा शब्द फॉर्ममध्येच राहतो. बाया म्हणतात "करमत नाही", "जीव घाबरा होतो", "अंगात त्राण नाही".

साधन

रेडकॅप, म्हणजे प्रश्नावलीची उत्तरं ऑनलाइन गोळा करायची प्रणाली. नुसता गूगल फॉर्म नको, कारण वाईट उत्तर आलं म्हणून तो आपणहून कोणाला उठवत नाही.

फॉर्मवर बोट कोणाचं?

मला सगळ्यात जास्त इथे शिकावं लागलं, म्हणून इथे जरा थांबते.

सुरुवातीला मी नोंदणीच्या वेळी फाईलवरचा मोबाईल नंबर घेत असे. फाईलवरचा नंबर पेशंटचा नसतो, मुलाचा असतो. एका मावशींची उत्तरं सलग दोन आठवडे स्वच्छ येत होती: जुलाब नाही, तोंड आलेलं नाही, भूक ठीक. तिसऱ्या आठवड्यात मावशींना उचलून आणलं. अंगातलं पाणी गेलेलं, जीभ कोरडी, उभं राहवत नव्हतं. मुलगा पुण्यात नोकरीला, मावशी गावी. तो दर वेळी फोन करून विचारायचा, "आई, बरी आहेस ना?" त्या म्हणायच्या, "बरी आहे." मग तो इमानदारीने फॉर्म भरायचा. दिवसातून आठ वेळा परसाकडे जावं लागतंय हे त्या मुलाला सांगणार नव्हत्या, आणि लांब बसलेल्या लेकराला घोर नको हेही मनात होतं. चूक त्या मुलाची नव्हती. नंबर कोणाचा आहे हे मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी हे नियम कधी मोडले नाहीत.

पहिली प्रश्नावली डे केअरमध्ये, म्हणजे दिवसभरात केमो देऊन घरी सोडतात त्या विभागात, पेशंटच्या शेजारी बसून, त्याच्याच हाताने भरून घ्यायची. नातेवाइकाला तेवढा वेळ औषधाच्या दुकानात पाठवा. सांगूनसवरून पाठवा: "दादा, दहा मिनिटं आईंशी बोलायचंय." हा सगळ्यात मोलाचा वेळ असतो आणि बहुतेक ठिकाणी तोच वाचवायला बघतात.

घरात पेशंटच्या हातात कोणाचा फोन येतो ते विचारा, फोन कोणाचा ते नव्हे. पुष्कळदा उत्तर 'सुनेचा' किंवा 'नातवाचा' असतं. नातू पेशंटजवळ बसतो, लाजत नाही, वाचून दाखवतो. पण लघवी, संडास, अंगावरून जाणं, नवरा-बायकोतलं असे प्रश्न त्याच्या तोंडून नकोत. ते आठवड्याच्या यादीतून काढा, सिस्टरने ते फोनवर विचारावेत. जुलाबांचासुद्धा मी आता फोनवरच विचारते.

फॉर्मचा पहिला प्रश्न कायम हाच ठेवा: "हे कोण भरत आहे? मी स्वतः / कोणी वाचून दाखवतंय, उत्तर माझं / माझ्या वतीने दुसरं कोणी." तिसरं उत्तर आलं की ती नोंद वेगळ्या रंगात दिसू द्या आणि पेशंटशी थेट बोला. दुसऱ्याने दिलेलं उत्तर खोटं असतंच असं नाही. उलटी दिसते, जुलाब कळतात. दुखणं आणि मनाचं मात्र बाहेरून नीट कळत नाही, जवळच्या माणसालाही नाही.

वाचता येत नसेल तर ठरलेल्या वेळी फोन करून प्रश्न जसाच्या तसा वाचा. समजावून सांगायला गेलात की उत्तर तुमचं होतं.

आणखी एक. "आईला कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका." हे आपल्याकडे रोज ऐकावं लागतं. अशा घरात मी प्रश्नावली सुरू करत नाही, आधी डॉक्टरांनी पेशंटशी बोलावं असा आग्रह धरते. काय चाललंय हेच ज्याला माहीत नाही त्याच्याकडून दर आठवड्याला खरी उत्तरं मागणं मला पटत नाही. आजार माहीत असलेल्यांच्या फोनवरही मेसेजमध्ये आजाराचं नाव घालू नका. फोन शेजारची पोरंही हाताळतात. 'तब्येतीची विचारपूस' एवढं पुरे.

दहापैकी दहा

0 ते 10 ची पट्टी शाळेच्या मार्कांसारखी वाचली जाते. पट्टीवर 10 म्हणजे असह्य दुखणं. आपल्या माणसाला मात्र पैकीच्या पैकी म्हणजे उत्तम. एका काकांनी थकव्याला 10 दिले आणि वर म्हणाले, "आता झकास आहे." क्यूएलक्यू-सी 30 मध्येही ही गफलत होते. पहिल्या 28 प्रश्नांत 1 म्हणजे मुळीच नाही आणि 4 म्हणजे खूप, म्हणजे तक्रारीचा आकडा जितका मोठा तितकी तब्येत वाईट. शेवटच्या दोन प्रश्नांत 1 म्हणजे अतिशय वाईट आणि 7 म्हणजे उत्कृष्ट. समोर बसून भरून घेताना या दोन प्रश्नांआधी थांबा आणि इथे पट्टी उलटी आहे हे दाखवा. स्वतःची छोटी यादी करत असाल तर आकडे नकोत, शब्द ठेवा: अजिबात नाही, थोडं, मध्यम, खूप, असह्य.

कधी पाठवायची

कामाच्या दिवशी, सकाळी 10 वाजता. रविवारी रात्री पाठवलेला फॉर्म सोमवारी दुपारपर्यंत कोणी उघडत नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात आणि संसर्गाचा धोका वाढतो, त्या आठवड्यात दोनदा विचारा.

इशारा

संध्याकाळच्या आत फोन करणारं माणूस नावानिशी ठरलेलं नसेल तर प्रश्नावली सुरूच करू नका. उत्तर भरलं म्हणजे डॉक्टरांना कळलं, असं पेशंट धरून चालतो आणि फोन करायचा थांबतो. कोणी वाचत नसेल तर आपण त्याचं नुकसान करतोय. रजेच्या दिवशी कोण, हेही लिहून भिंतीवर लावा.

इशारा दोन कारणांनी वाजवा: उत्तर 'खूप' किंवा 'असह्य' असेल तर, आणि मागच्या वेळेपेक्षा दोन पायऱ्यांनी वाढलं असेल तर. बॅश यांच्या अभ्यासातही असाच नियम होता. मी त्यात तिसरं कारण घातलं आहे: दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फॉर्म आलाच नाही तर. सगळ्यात आजारी माणूस फॉर्म भरत नाही.

फॉर्म पाठवला की स्क्रीनवर ठळक अक्षरांत दिसायला हवं: "100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, श्वास लागणं, रक्त जाणं, यांसाठी या फॉर्मची वाट पाहू नका. आत्ता फोन करा." खाली रात्रीही उचलला जाणारा नंबर. मनाच्या प्रश्नाला वाईट उत्तर आलं तर त्याच दिवशी बोला. सोबत टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या, तिथे मराठीतही बोलतात.

डॉक्टरांच्या टेबलावर

एका पानावर मागच्या सहा आठवड्यांचा आलेख, फाईलच्या सगळ्यात वर. दोन पानं झाली की बघितला जात नाही. डॉक्टरांनी पेशंटसमोर त्या पानाकडे बोट दाखवून "दुसऱ्या आठवड्यात मुंग्या वाढल्या होत्या ना?" एवढं विचारलं, की तो पेशंट पुढचा फॉर्म कोणी न सांगता भरतो.

यादीतून नाव काढणं

हे कुठेच लिहिलेलं नसतं. पेशंट गेला तर त्याच दिवशी नंबर बंद करा. एका घरी तेराव्याच्या दिवशी सकाळी 10 वाजता मेसेज गेला, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" मुलीने मला फोन केला. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, "ताई, बाबा गेले ना." आता दर पाठवणीच्या आदल्या संध्याकाळी मी यादी वॉर्डच्या रजिस्टरशी ताडून बघते. ज्यांची तारीख चुकली आहे त्यांच्या घरी मेसेज जाऊ देत नाही, आधी स्वतः फोन लावते.