वेलीचं नाव लिहिण्याआधी फुलं मोजा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी त्रिशूरजवळ गेले होते. रबराच्या मळ्याचं कुंपण एका वेलीने पार झाकून टाकलं होतं. पानं समोरासमोर, हृदयाकृती, आणि पांढुरके बारीक तुरे. तिथले लोक तिला 'धृतराष्ट्र पच्चा' म्हणतात. लोखंडी भीमाला मारलेली ती मिठी आठवली की या नावाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

मी जुना फ्लोरा, म्हणजे प्रदेशातल्या वनस्पतींच्या वर्णनाचा ग्रंथ, उघडला, पान जुळलं, आणि वाळवलेल्या नमुन्याच्या लेबलावर लिहिलं : मिकानिया स्कॅन्डेन्स. ते चूक होतं. वर्गीकरणाकडे नव्याने वळणाऱ्यांनी निदान ही चूक तरी टाळावी, म्हणून सांगते.

मिकानिया सूर्यफुलाच्या कुळातली, आणि या कुळात पानावर विसंबू नका. आपण ज्याला फूल म्हणतो ते स्तबक असतं, म्हणजे अनेक पुष्पकांचा, इवल्या फुलांचा, गुच्छ. मिकानियाच्या प्रत्येक स्तबकात पुष्पकं चारच असतात, सगळी नळीसारखी, आणि त्यांना वेढणारी मुख्य छदं, म्हणजे बारीक पानासारखी आवरणं, तीही चारच. भिंगाखाली मोजायला मिनिटभर लागतं. चारास चार भरली की प्रजातीबद्दल (जीनस) फारशी शंका उरत नाही.

खरी कसोटी जातीची (स्पीशीज). स्कॅन्डेन्स उत्तर अमेरिकेतली, कॉर्डाटा आशियातली, आणि मायक्रान्था उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून येऊन आपल्याकडे रान गिळणारी. आपल्या जुन्या पुस्तकांत ही नावं एकमेकांत मिसळलेली आहेत. मायक्रान्थाचं स्तबक लहान, साधारण 4.5 ते 6 मिलिमीटर, आणि फळावरचा रोमगुच्छ, म्हणजे केसांचा झुबका, पांढरा. कॉर्डाटाचं थोडं मोठं, रोमगुच्छ तांबूस. माझ्या शीटवर, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदावर, मात्र नुसत्या कळ्या होत्या! पिकलेल्या फळांसाठी पुन्हा केरळ गाठावं लागलं. तुम्ही पहिल्याच फेरीत कळी, फूल आणि फळ तिन्ही गोळा करा.

मग नावामागची माणसं. परीक्षेपुरतं पाठ करून आपण ती सोडून देतो, पण मला या शास्त्रात सर्वांत जास्त आनंद तिथेच मिळाला. 'मिकानिया स्कॅन्डेन्स (लि.) विल्ड.' यातला कंस वाचा : लिनियसने 1753 मध्ये ही वेल युपॅटोरियम प्रजातीत घातली होती, विल्डेनोने 1803 मध्ये मिकानिया ही प्रजाती उभारली आणि तिला तिथे आणलं. कॉर्डाटाचंही तसंच. धाकट्या बर्मनने 1768 मध्ये तिला युपॅटोरियम म्हटलं, रॉबिन्सनने 1934 मध्ये हलवलं. 'मिकानिया मायक्रान्था कुंथ' या नावात कंस नाही, कारण कुंथने हंबोल्ट आणि बोनप्लाँ या अमेरिका धुंडाळणाऱ्या संशोधकांच्या संग्रहावरून तिचं वर्णन केलं तेच मुळी मिकानिया म्हणून. एका कंसात वनस्पतीचा सगळा प्रवास असतो. 'मायक्रान्था' म्हणजे बारीक फुलांची. नावातच खूण होती, मी ती वाचली नव्हती.

चूक कळल्यावर पहिला विचार आला तो जुनं लेबल काढून टाकण्याचा. तसं कधी करू नका. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, जुनं लेबल जसंच्या तसं ठेवतात. शेजारी नवी निश्चिती-चिठ्ठी लावतात, तिच्यावर दुरुस्त नाव, ठरवणाऱ्याचं नाव आणि तारीख. माझ्या त्या शीटवर वर 'स्कॅन्डेन्स' आहे आणि खाली 'मायक्रान्था', दोन्ही माझ्याच अक्षरात.