पहिला क्रेट उतरायच्या आधी

द्राक्षं दारात आली की तयारी संपते, मग नुसती धावपळ. आमच्या दिंडोरी पट्ट्यात वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीत लागते आणि मार्चपर्यंत चालते, म्हणून डिसेंबर सरायच्या आत चिलर चालवून बघा. नुसता सुरू होतो एवढ्यावर समाधान मानू नका. टाकीत पाणी भरा आणि ते १५ अंशांवर येऊन रात्रभर तिथेच राहतं का ते पाहा; पांढऱ्या वाइनचं सगळं त्यावरच आहे. जनरेटरही लोड देऊन चालवा.

त्याच पाण्यावर टाक्यांची दारं तपासून होतात. आमच्या एका टाकीचं गॅस्केट बाहेरून ठणठणीत होतं, आतून नखाएवढी चीर. रात्री दोनला चपला चिकटायला लागल्या तेव्हा कळलं, शिराझ ही लाल वाइन फरशीवर. तेव्हापासून प्रत्येक मापाचं एक गॅस्केट जास्तीचं कपाटात असतं.

पाइप, पंप, प्रेस कॉस्टिक सोड्याने धुवा, मग सायट्रिक ॲसिड, मग भरपूर पाणी. गेल्या वर्षीची केएमएसची (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, द्राक्षं-वाइन खराब होऊ नये म्हणून घालायची पूड) उघडी पिशवी वापरू नका, तिचा जोर गेलेला असतो. लाल द्राक्षं निरोगी असतील तर टनाला साधारण ५० ग्रॅम पुरतं, तेवढ्या पुड्या आधीच बांधून ठेवा. यीस्टची तारीख बघा, आणि ते भिजवायच्या ३५ ते ४० अंशांच्या पाण्यासाठी साधा थर्मामीटर घ्या; बोट बुडवून अंदाज घेणारे फार पाहिलेत. पीएच मीटर ४ आणि ७ पीएचच्या बफर द्रावणांवर जुळवून घ्या.

बागेत साखर मोजताना समोरचा टपोरा घड चाखून फसू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-खालचे मिळून शंभरेक मणी घ्या, चुरडा, मग रस रिफ्रॅक्टोमीटरवर. शेनिन ही पांढरी द्राक्षं २१-२२ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) काढा, शिराझला २४ पर्यंत थांबता येतं. शेवटच्या फवारणीची तारीखही शेतकऱ्याकडून लिहून घ्या.

टोळीच्या मुकादमाशी आत्ताच बोला. पेठ-सुरगाण्याकडची माणसं होळीला घरी जाणार म्हणजे जाणारच, आणि लाल द्राक्षं नेमकी तेव्हाच पिकतात. तोडणी पहाटेची, म्हणून हेडलॅम्प, नव्या बॅटऱ्या, धार लावलेल्या कात्र्या आणि चहाची किटली. क्रेट वीस किलोंचेच ठेवा. जास्त भरले की खालची द्राक्षं वाटेतच फुटतात.

आंबवणीच्या खोलीतला पंखा मात्र विसरू नका. कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, दिसत नाही, वास नाही. टाकीत उतरणं एकट्याने कधीच नाही, आणि मीटरने हवा तपासल्याशिवाय तर नाहीच.

वजनकाट्याचा शिक्का, उत्पादन शुल्काची रजिस्टरं हे एका दुपारचं काम. चोथ्याचा खड्डाही वाऱ्याची दिशा बघून खणा, नाहीतर तिसऱ्या दिवशी चिलटं थेट प्रेसवर.