हत्तरसंग कुडलला नदी बघायला जायचं असेल तर

सोलापूरहून विजापूर रस्ता धरा, अंदाजे ४० किलोमीटर. उन्हं चढायच्या आत पोचा. मार्चनंतर दहाच्या पुढे तिथे पक्षी नाही की माणूस नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि भरपूर पाणी घरूनच घ्या.

इथे सीना भीमेला मिळते. आधी घाटावर गुपचूप बसा. दुर्बीण नसली तरी कवड्या खंड्या ओळखता येतो: काळा-पांढरा, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली, आणि मग दगडासारखा सरळ खाली. मासा मिळाला तर तो फांदीवर आपटून गिळतो. काठाच्या चिखलात लांब गुलाबी पायांचे शेकाटे आणि शेपटी हलवणारा धोबी. भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी तर मुळीच नकोत.

पोहायचा मोह आवरा. उजनीतून पाणी सोडलं की पातळी वाढते. सोलापूरला प्यायला औज बंधाऱ्यात पाणी येतं तेही याच पात्रातून, म्हणून निर्माल्य, प्लॅस्टिक काही टाकू नका. (पिशवीसकट निर्माल्य टाकणाऱ्यांना काय म्हणावं!)

ऊन तापलं की देवळांत शिरा. हरिहरेश्वराच्या देवळातलं बहुमुखी शिवलिंग जवळून बघा, दगडावर ३५९ मुखं कोरलीत. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. अक्षरं पुसट आहेत, बॅटरी तिरकी धरली की उठून दिसतात. हात मात्र लावू नका.