गमी स्माइल एआयने मोजताय? या चुका टाळा

हसताना वरच्या ओठाखाली 3-4 मिलिमीटरपेक्षा जास्त हिरडी दिसली की दंतवैद्यकात त्याला गमी स्माइल म्हणतात. फोटो टाकला की हा आकडा क्षणात सांगणारी सॉफ्टवेअर आता क्लिनिकमध्ये पोचली आहेत. आकडा दशांश चिन्हासकट येतो, त्यामुळे त्याच्यावर चटकन विश्वास बसतो. पण निम्मा घोळ सॉफ्टवेअर सुरू होण्याआधी, फोटो काढतानाच झालेला असतो.

एकाच पेशंटचे दोन फोटो, दोन वेगळे आकडे

आधी फोन कुठे धरला होता ते बघा. ओठ पुढे असतो, हिरडी त्याच्या मागे. दोघांत 4 मिलिमीटरचं अंतर आहे असं धरू. आता 40 सेंटिमीटरवरून फोटो काढताना फोन ओठांच्या पातळीपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली धरला, तर कॅमेरा जवळपास 15 अंशांनी वर बघतो आणि ओठाच्या आत डोकावतो. तेवढ्यानेच सुमारे 1 मिलिमीटर हिरडी जास्त दिसते. फोन वर धरला तर उलटं, हिरडी लपते. सेल्फी बहुतेक जण वरूनच काढतात, म्हणून सेल्फीवरून काढलेला आकडा बऱ्याचदा कमी येतो. 3.2 चे 4.2 होणं म्हणजे पेशंट एका गटातून उचलून दुसऱ्या गटात टाकणं, तेही केवळ हात भरून आला म्हणून! स्टँड वापरा, लेन्स ओठांच्या पातळीला ठेवा, मान सरळ, नजर समोर. फोनची वाइड लेन्स नको. मागे सरका आणि थोडं झूम करा. ब्यूटी फिल्टर बंद आहे ना, हेही एकदा बघा. काही फोनमध्ये तो आपोआप चालू असतो.

दुसरं कारण हसण्यातच असतं. खुर्चीवर बसलेल्या माणसाला ‘हसा’ म्हटलं की तो फोटोपुरतं हसतो. ज्यांना आपल्या हिरड्यांची लाज वाटते त्यांनी तर ओठ आवरून हसण्याची वर्षानुवर्षं सवय लावून घेतलेली असते. नेमकी तीच माणसं आपल्याकडे येतात. त्यामुळे गप्पा मारत छोटा व्हिडिओ घ्या आणि हसू सगळ्यात मोकळं असेल ती फ्रेम निवडा. फ्रेम निवडण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोडलं असेल तर त्याने कुठली उचलली ते उघडून पाहा. बोलताना ‘ई’ म्हटलेली फ्रेमसुद्धा त्याला हसू वाटू शकते.

मिलिमीटर आले कुठून?

फोटोत फक्त पिक्सेल असतात. त्यांचे मिलिमीटर करायला एखादी माहीत असलेली लांबी लागते. काही प्रणाली डोळ्यातल्या बुबुळाची रुंदी सरासरी 11.7 मिलिमीटर धरतात. पण बुबुळाचं माप माणसागणिक थोडं बदलतं, शिवाय डोळे दातांपेक्षा जरा मागे असतात, म्हणून जवळून काढलेल्या फोटोत दात प्रमाणापेक्षा मोठे दिसतात. सोपा उपाय असा: वरच्या पटाशीच्या दाताची रुंदी तोंडात कॅलिपरने (रुंदी मोजायच्या चिमट्यासारख्या साधनाने) मोजा आणि तीच प्रमाण म्हणून द्या. साध्या चॅटबॉटला नुसता फोटो देऊन ‘किती मिलिमीटर?’ विचारणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की त्याच्याकडे कुठलंच माप नसतं. तरीही तो आकडा देतो.

रेघ चुकीच्या जागी पडते

मीडियापाइपसारखं चेहऱ्यावर 468 बिंदू टाकणारं मॉडेल ओठांची कड बरी पकडतं, पण त्यातला एकही बिंदू हिरडीसाठी नाही. हिरडी ओळखायला वेगळं मॉडेल लागतं, आणि त्याला कुठल्या हिरड्या दाखवून शिकवलं यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर तपकिरी किंवा काळसर पट्टा असतो. ते मेलॅनिन हे रंगद्रव्य आहे, आजार नव्हे. गुलाबी हिरड्यांवर शिकलेलं मॉडेल त्या पट्ट्याला सावली किंवा ओठ समजून तिथेच थांबू शकतं, आणि 5 मिलिमीटरच्या जागी 3 सांगू शकतं. हिरडीच्याच रंगाची लिपस्टिक, ओठावर आलेली मिशी, लाळेवर चमकलेला फ्लॅश, हे मॉडेलला फसवणारे नेहमीचे यशस्वी. म्हणून नुसता आकडा देणारं आणि ओठ-हिरडीच्या कडेची रेघ न दाखवणारं सॉफ्टवेअर घेऊच नये, असं माझं मत आहे. रेघ दिसली तर दोन सेकंदात हाताने सरकवता येते.

विकत घेण्याआधी आपल्याच काही पेशंटवर ते तपासा. इथे विक्रेता सहसंबंधाचा गुणांक पुढे करतो, म्हणजे दोन मापं किती बरोबरीने वर-खाली होतात ते सांगणारा आकडा. सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी बरोबर 1 मिलिमीटर जास्त सांगत असलं तरी तो गुणांक 1 येईल. विचारायचं ते हे: कॅलिपरच्या आणि तुमच्या आकड्यात फरक किती आणि तो किती पसरलेला?

आकडा बरोबर, उपचार चुकीचा

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 5 मिलिमीटर हिरडी दिसते, एवढं कळलं. पण का दिसते? हसतानाच्या एका फोटोत त्याचं उत्तर नसतं.

ओठ मिटलेले नसून सैल असताना एक फोटो घ्या आणि वरच्या ओठाची उभी लांबी मोजा, म्हणजे नाकाच्या पायथ्यापासून ओठाच्या खालच्या कडेपर्यंत. स्त्रियांत ती साधारण 20 ते 22, पुरुषांत 22 ते 24 मिलिमीटर असते. मग हसताना ओठ किती वर जातो ते पाहा. 6 ते 8 मिलिमीटर नेहमीचं. त्याहून बरंच जास्त असेल आणि दातांची उंची ठीक असेल, तर दोष ओठाच्या स्नायूंचा. तिथे बोटॉक्स चालतं, पण काही महिन्यांपुरतं. दात उंचीला 7-8 मिलिमीटरचेच दिसत असतील तर प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळीने) हिरडीखाली दाताच्या मुकुटाची कड शोधा. ती बरीच आत सापडली तर हिरडी दातावरून पुरेशी सरकलेलीच नाही, आणि क्राऊन लेंग्थनिंगचा, म्हणजे हिरडी आणि लागलं तर हाड कमी करून दात उघडा करण्याचा, विचार होतो. हाडाची पातळी न बघता नुसती हिरडी कापली तर ती परत वाढून येऊ शकते. कड जागेवर असेल आणि दात घासून आखूड झाले असतील तर मामलाच निराळा. ओठ सैल असतानाही दात खूप दिसतात आणि चेहऱ्याचा खालचा भाग लांब आहे, तर वरच्या जबड्याचं हाड उभं जास्त वाढलेलं असू शकतं. तिथे ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबड्याची ठेवण सुधारणारे दंतवैद्य) आणि जबड्याचे सर्जन लागतात. अशा पेशंटला क्राऊन लेंग्थनिंग केलं तर दात लांबुळके होतात, तक्रार तशीच राहते. यातली दोन कारणं एकत्रही असतात.

औषधं विचारायला विसरू नका. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, फिट्सची फेनिटोइन, अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन, यांनी हिरड्या फुगू शकतात. कॅमेऱ्याला ती गोळी दिसत नाही.

‘तीव्र’ हा शेरा सॉफ्टवेअर कुठल्या मर्यादेवर मारतं तेही पाहा. 1999 च्या कोकिच आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ऑर्थोडॉन्टिस्टना 2 मिलिमीटर हिरडीच खटकली, सामान्य दंतवैद्यांना आणि इतर लोकांना 4. पेशंटला स्वतःचं हसू आवडत असेल तर लाल रंगातला अहवाल त्याच्या हातात देऊन नवी चिंता कशाला निर्माण करायची?

आणि 14-15 वर्षांच्या मुलीला घेऊन आई आली असेल तर घाई नको. त्या वयात हिरडी अजून वर सरकत असते, आणि वय वाढेल तसा ओठही खाली येतो. हिरड्या स्वच्छ ठेवायला सांगा, फोटो जपून ठेवा आणि वर्षभराने त्याच स्टँडवर, त्याच अंतरावरून पुन्हा काढा. तो फोटो कुठल्या परक्या सर्व्हरवर जाणार असेल तर आधी पालकांची लेखी संमती घ्या.